वाचनालयाला ई-रीडर देताय? आधी या यंत्राचा थोडा इतिहास वाचा

दरवर्षी १५ ऑक्टोबर जवळ आला, वाचन प्रेरणा दिनाची परिपत्रकं निघायला लागली, की आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात एक मागणी हमखास कानावर येते. वाचनालयात आता कोण येतंय, कपाटांवर धूळ बसलीय, त्यापेक्षा दहा-वीस किंडल घेऊन टाका. कधी हे एखादा नगरसेवक म्हणतो, कधी पुण्यात स्थायिक झालेला माजी विद्यार्थी. देणगी द्यायला माणसं तयारही असतात. हेतूबद्दल शंका नाही. पण हे यंत्र नेमकं कुणासाठी घ्यायचं, असं कुणी विचारत नाही. स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी? सकाळी पेपर चाळायला येणाऱ्या निवृत्त गुरुजींसाठी? की दुपारी कादंबरी बदलून न्यायला येणाऱ्या बायकांसाठी? या तिघांना जे हवं ते एका यंत्रात मिळत नाही. हे मी मनचं सांगत नाही. गेल्या पंचवीस-सत्तावीस वर्षांत अमेरिका आणि जपानमधल्या बड्या कंपन्यांनी कोट्यवधी डॉलर घालून हाच धडा गिरवलाय. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

संगणकावरच्या पुस्तकाची सुरुवात धंद्यातून झालीच नाही. ४ जुलै १९७१ रोजी इलिनॉय विद्यापीठातल्या मायकेल हार्ट नावाच्या तरुणाने अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टाइप करून ठेवला आणि इतरांना मोकळा करून दिला. त्यातून प्रोजेक्ट गुटेनबर्ग उभं राहिलं. त्याची कल्पना साधी होती: एकदा टाइप केलेला मजकूर कितीही जणांना फुकट देता येतो. पुढे जे झालं ते बरंचसं याच्या उलट्या दिशेने झालं, म्हणून ही तारीख सांगून ठेवली.

हातात धरून वाचायचं यंत्र बाजारात खऱ्या अर्थाने आलं १९९८ मध्ये. एक रॉकेट ईबुक, दुसरं सॉफ्टबुक. रॉकेट काढणारे दोघे इंजिनिअर म्हणजे मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टारपेनिंग. याच दोघांनी २००३ मध्ये टेस्ला ही मोटार कंपनी स्थापन केली. इलॉन मस्क तिथे नंतर आले. असो. रॉकेटमध्ये साधारण दहा कादंबऱ्या मावत. सॉफ्टबुकला चामड्याचं कव्हर होतं आणि ते टेलिफोनच्या वायरीला जोडून पुस्तक उतरवून घ्यावं लागे. पडदा लॅपटॉपसारखाच, म्हणजे उजेड डोळ्यांवर मारणारा. वजन जाडजूड ग्रंथाएवढं, किंमत पाचशे-सहाशे डॉलर, आणि घ्यायला पुस्तकं थोडी. दोन्ही कंपन्या २००० मध्ये जेमस्टार नावाच्या कंपनीने विकत घेतल्या आणि २००३ मध्ये तिने हा धंदा गुंडाळला.

तेव्हा बऱ्याच जणांनी निष्कर्ष काढला की लोकांना पडद्यावर वाचायचंच नाही. पण मार्च २००० मध्ये स्टीफन किंगने एक दीर्घकथा फक्त इंटरनेटवर, अडीच डॉलरला काढली, तर पहिल्या चोवीस तासांत चार लाखांवर मागण्या आल्या. त्यातल्या बहुतेकांकडे असलं यंत्र नव्हतंच, होत्या त्या संगणकावर त्यांनी ती वाचली. लोकांना गोष्ट हवी होती आणि ती लगेच हवी होती. त्यासाठी पाचशे डॉलरचं नवं डबडं घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

डोळ्यांच्या तक्रारीवर उपाय निघाला अमेरिकेतल्या एमआयटीत. जोसेफ जेकबसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या शाईतून १९९७ मध्ये ई इंक ही कंपनी निघाली. पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या लाखो कुप्या, प्रत्येकीत पांढरे आणि काळे कण. विजेचा हलका झटका दिला की पांढरे वर येतात नाहीतर काळे. एकदा अक्षर उमटलं की ते टिकवायला वीज लागत नाही, पान उलटतानाच काय ती लागते. म्हणून बॅटरी आठवडेच्या आठवडे चालते, आणि उन्हात बसूनही कागदासारखं वाचता येतं. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासात वाचकाचा खरा विचार कुणी केला असेल तर या शाईवाल्यांनी.

ही शाई वापरून सोनीने एप्रिल २००४ मध्ये जपानात लिब्री नावाचं यंत्र आणलं. पडदा उत्तम, बांधणी उत्तम. आणि आपटलं. का? कारण विकत घेतलेलं पुस्तक साठ दिवसांनी उघडायचं बंद व्हायचं. प्रकाशकांना चोरीची भीती, म्हणून सोनीने वाचकाला भाडेकरू करून टाकलं. वाचनालयाचं पुस्तक परत द्यावं लागतं हे समजू शकतो, पण पैसे मोजून घेतलेलंही परत?

त्याच जपानात त्याच वर्षांत तरुण मुली लोकलमध्ये उभ्या उभ्या साध्या बटणांच्या मोबाइलवर कादंबऱ्या वाचत होत्या. लिहिणाऱ्याही बऱ्याचशा त्यांच्याच वयाच्या, मोबाइलवरच टाइप करणाऱ्या. वाक्य तुटक, प्रकरणं एवढीशी. साहित्यिकांनी नाकं मुरडली. पण २००७ साली जपानच्या सर्वाधिक खपाच्या दहा कादंबऱ्यांतल्या पाच मूळच्या मोबाइलवरच्या होत्या, नंतर कागदावर छापलेल्या. सोनीचे इंजिनिअर उत्तम पडदा बनवत होते आणि वाचक दोन इंचांच्या भिकार पडद्यावर खूश होते. आज आपल्याकडे प्रतिलिपीवर रोज एक भाग वाचणाऱ्या मराठी बायकांना 'हे काय वाचन आहे का' म्हणणाऱ्यांनी हा जपानचा किस्सा लक्षात ठेवावा.

मग १९ नोव्हेंबर २००७ रोजी अॅमेझॉनचं किंडल आलं. ३९९ डॉलर किंमत, साडेपाच तासांत माल संपला आणि पुढचे काही महिने मिळेना. दिसायला ते सोनीच्या यंत्रापेक्षा ओबडधोबडच होतं. पण त्यात मोबाइलचं नेटवर्क आतच बसवलेलं होतं, त्याचं वेगळं बिल नाही. संगणक नको, वायर नको. अंथरुणात पडल्या पडल्या मिनिटभरात पुस्तक हातात. शिवाय नव्वद हजारांच्या आसपास पुस्तकं पहिल्या दिवसापासून तयार. पुढच्याच जानेवारीत स्टीव्ह जॉब्स म्हणाले की हे चालणार नाही, कारण लोक आता वाचतच नाहीत. दोन वर्षांनी आयपॅड काढला तेव्हा त्यात पुस्तकांचं दुकान त्यांनी स्वतःच घातलं.

किंडल घेणारे कोण, हे बघण्यासारखं आहे. आपल्याला वाटतं नवी वस्तू म्हणजे तरुण पोरं. इथे चष्म्याचा नंबर वाढलेल्या माणसांचं मोठं काम झालं. मोठ्या अक्षरांत छापलेली पुस्तकं तिकडे वेगळी मिळत, पण मोजकीच आणि वजनाने जड. इथे एक बटण दाबलं की कुठलंही पुस्तक मोठ्या अक्षरांत. संधिवाताने ज्यांना पाचशे पानांचा ठोकळा धरवत नाही त्यांना पाव किलोची पाटी परवडली. दुसरा गट प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांचा. आठवड्याला दोन-तीन पुस्तकं फस्त करणारा हा वर्ग. हार्लेक्विन या प्रेमकथांच्या प्रकाशनाने किंडल यायच्या आधीच, २००७ मध्ये, आपली सगळी नवी पुस्तकं ई-बुकमध्ये द्यायला सुरुवात केली होती. घरात जागा अडत नाही, पहाटे दोनला पुढचा भाग मिळतो, आणि मुखपृष्ठ शेजारच्याला दिसत नाही. शेवटचं कारण लहान समजू नका. आपल्याकडेही काही पुस्तकं वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचली जायचीच की.

म्हणजे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ वाचत जाणारा, इंग्रजी वाचणारा, क्रेडिट कार्ड असणारा वाचक. हे यंत्र त्याच्यासाठी बनलं होतं आणि त्याला ते अगदी मापाचं बसलं. भांडणं सुरू झाली ती बाकीच्यांची.

पहिले विद्यार्थी. मे २००९ मध्ये अॅमेझॉनने मोठ्या पडद्याचं किंडल डीएक्स काढलं आणि प्रिन्स्टनसह काही विद्यापीठांत ते प्रयोगासाठी वर्गात दिलं. मुलं कंटाळली. अभ्यासाचं पुस्तक कुणी सरळ वाचत नाही. मागे जायचं, पुढे जायचं, दोन ठिकाणी बोट घालून ठेवायचं, समासात खरडायचं, खाली रेघ मारायची. यंत्रावर हे सगळं संथ आणि कटकटीचं. प्राध्यापक पान नंबर सांगायचे आणि किंडलवर तेव्हा पान नंबरच नव्हते. आमच्या वाचनालयातल्या स्पर्धा परीक्षेच्या पोरांचं पुस्तक एकदा बघा: तीन रंगांचे हायलायटर, चिकटवलेल्या चिठ्ठ्या, कोपरे दुमडलेले.

दुसरी लढाई अंध वाचकांची, आणि ती मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते. फेब्रुवारी २००९ मध्ये आलेल्या दुसऱ्या किंडलमध्ये पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायची सोय होती. आवाज यांत्रिक, पण सोय मोठी. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी छापल्या दिवशीच पुस्तक वाचता येण्याची ही पहिली शक्यता. एरवी ब्रेल किंवा ध्वनिमुद्रित प्रत निघेपर्यंत वर्षं जात, आणि बहुतेक पुस्तकांची ती निघतच नाही. अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेने, ऑथर्स गिल्डने, हरकत घेतली: मोठ्याने वाचणं म्हणजे ऑडिओबुक, आणि त्याचे हक्क वेगळे. महिना संपायच्या आत अॅमेझॉन नमलं आणि कुठल्या पुस्तकाचा आवाज चालू ठेवायचा ते प्रकाशकाने ठरवावं असं म्हणालं. एप्रिलमध्ये अंध वाचकांनी न्यूयॉर्कमध्ये त्या संघटनेच्या कचेरीसमोर निदर्शनं केली. पांढऱ्या काठ्या घेऊन माणसं लेखकांच्या दारात उभी, आम्हाला तुमची पुस्तकं विकत घ्यायची आहेत म्हणून. आणि लेखकांची संघटना म्हणतेय थांबा. मी स्वतः लिहून पोट भरणारा माणूस आहे, मानधनाचं महत्त्व मला कळतं. तरी या भांडणात मी त्या काठीवाल्यांच्या बाजूचा.

गंमत म्हणजे यंत्र पुस्तक वाचून दाखवायचं, पण त्यावरची यादी वाचून दाखवायचं नाही. म्हणजे पुस्तक सुरू करायला डोळस माणूस लागणारच. विद्यापीठांनी हेच यंत्र वर्गात दिलं, तेव्हा अंधांच्या संघटनांनी अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीला कोर्टात खेचलं. जानेवारी २०१० मध्ये तडजोड झाली, अमेरिकेच्या न्याय खात्याने इतर काही कॉलेजांशी करार केले, आणि अंध विद्यार्थ्याला वापरता येणार नाही असं यंत्र वर्गात सक्तीचं करायचं नाही हे ठरलं. पुढच्या यंत्रांत बोलणाऱ्या याद्या आल्या त्या या भांडणामुळे.

इथे आपल्या देशाचं कौतुक केलं पाहिजे. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात अपंग वाचकांसाठी पुस्तकाचं रूप बदलायची मुभा आली. याच विषयावरचा माराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि जून २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत. २०१६ मध्ये सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. गावातल्या किती वाचनालयांच्या फलकावर त्याचं नाव दिसतं, ते तुम्हीच बघा.

मग आला जुलै २००९. जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' आणि 'अॅनिमल फार्म' लोकांनी पैसे देऊन घेतलेली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते हे कळल्यावर अॅमेझॉनने ती लोकांच्या यंत्रांतून परस्पर पुसली. पैसे परत दिले, पण घरात शिरून कपाटातलं पुस्तक उचलून नेल्यासारखंच झालं. पुस्तक पुसलं तेव्हा एका शाळकरी मुलाने काढलेल्या टिपणांना अर्थच उरला नाही. आणि पुस्तक कुठलं, तर सरकार जुने कागद नष्ट करतं त्याबद्दलचं! कंपनीचे मालक जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली. पण तोपर्यंत कळून चुकलं होतं की आपण पुस्तक विकत घेत नाही, वाचायची परवानगी घेतो. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा घेतलेली पुस्तकंही गेली, पैसे तेवढे परत मिळाले. २०२३ मध्ये चीनमधलं किंडलचं दुकान बंद झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये अॅमेझॉनने घेतलेलं पुस्तक आपल्या संगणकावर उतरवून ठेवायची जुनी सोयही काढली.

वाचनालयांचं तर आणखी वेगळं दुखणं. २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या बड्या प्रकाशनाने नियम काढला की वाचनालयाने घेतलेलं ई-बुक सव्वीस वेळा दिलं गेलं की संपलं, पुन्हा पैसे भरा. कागदी पुस्तक तेवढ्या वापरात फाटतंच, असा त्यांचा हिशेब. तिकडच्या ग्रंथपालांनी आपल्या कपाटातली कितीतरी जास्त वेळा फिरलेली, तरी धडधाकट पुस्तकं कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली. आपल्याकडची बाइंडिंग केलेली कादंबरी तर चाळीस वर्षं फिरते.

आता आपल्याकडे या. २०१० मध्ये अहमदाबादच्या इन्फीबीमने 'पाय' नावाचा देशी ई-रीडर काढला, त्यात भारतीय भाषांची सोय होती. दहा हजारांच्या आसपास किंमत, आणि त्यावर वाचायला देशी भाषांतली पुस्तकं कुठे होती? तो विरून गेला. ऑगस्ट २०१२ मध्ये किंडल इथल्या दुकानांत ६,९९९ रुपयांना मिळू लागलं. मराठी पुस्तकं त्यावर अधिकृतपणे आली डिसेंबर २०१६ मध्ये, हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळमबरोबर.

एवढा उशीर का, याचं निम्मं उत्तर आमच्यासारख्या छापखान्याशी संबंध असलेल्या कुणालाही ठाऊक आहे. मराठी पुस्तकं वर्षानुवर्षं जुळली ती श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये. त्यांचे जुने फाँट युनिकोड नव्हते. ती फाइल दुसरीकडे उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. कन्व्हर्टर आहेत, पण त्यातून निघालेल्या मजकुरात जोडाक्षरं बिघडतात, रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो, 'दऱ्या' चा 'दर्या' होतो. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र. म्हणजे तीनशे पानांचं पुस्तक पुन्हा ओळीओळीने तपासायचं, आणि छोट्या प्रकाशकाकडे त्यासाठी माणूस नाही. मग सोपा मार्ग म्हणजे पीडीएफ. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मिळ ग्रंथ स्कॅन करून ठेवलेत, ई साहित्य प्रतिष्ठान आहे. काम मोलाचं आहे, वाद नाही. पण पीडीएफचं पान म्हणजे फोटो काढल्यासारखं ठरलेल्या मापाचं. सहा इंची किंडलवर उघडलं तर अक्षर मुंगीएवढं, मोठं करावं तर ओळ पडद्याबाहेर. गुरुजींना जे मोठं अक्षर हवं ते नेमकं मिळत नाही. आणि स्कॅन केलेलं पान मोठ्याने वाचून दाखवायला यंत्राला मजकूरच सापडत नाही, म्हणजे अंध वाचकही बाहेर.

मराठी ई-बुकची कळकळीने वाट बघणारा एक वर्ग होता, परदेशातला. एका बॅगेत किती पुस्तकं नेणार? टपालखर्च पुस्तकापेक्षा जास्त. बुकगंगासारख्या मराठी दुकानांनी त्यांची भूक ओळखली आणि स्वतःचं अॅप काढलं.

इकडे गावात मात्र निकाल वेगळाच लागला. किंडलवर मराठी यायच्या तीनच महिने आधी, ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. नेट स्वस्त झालं आणि पोराटोरांपासून आजीपर्यंत सगळ्यांच्या हातात मोबाइल आला. पुढच्या वर्षी स्टोरीटेलवर मराठी ऑडिओबुकं आली. शेतात, गाडीवर, स्वयंपाकघरात कानाला लावून पुस्तक ऐकणारी माणसं मी बघतो. वेगळं यंत्र घेऊन वाचायची वेळ आपल्याकडे आलीच नाही, जपानी मुलींसारखी आपणही ती पायरी गाळली. आणि यंत्रही महागलं: २०२५ मध्ये नवीन पेपरव्हाइट १६,९९९ रुपयांना आलं. मॉडेल वरचं आहे हे खरं, पण तेवढ्या पैशांत चाळीस-पन्नास मराठी पुस्तकं येतात. कागदी पुस्तकावर जीएसटी शून्य, ई-बुकवर २०१८ पासून पाच टक्के, तोही त्या पुस्तकाची छापील आवृत्ती असेल तर.

म्हणून वाचनालयाच्या समितीत कुणी असाल तर ठराव करण्याआधी दोन-चार गोष्टी करून बघा. महिनाभर रजिस्टर बघा, कोण काय नेतंय ते मोजा. गुरुजींसाठी बहुधा चांगला दिवा आणि भिंग स्वस्तात पडेल. गावात अंध वाचक किती आहेत ते शोधा आणि त्यांना सुगम्य पुस्तकालयाची नोंदणी करून द्या, त्याला यंत्र लागत नाही. मुलांना टेबल, पंखा आणि चार्जिंगचा प्लग हवाय.

आणि एवढं करूनही ई-रीडर घ्यायचेच असतील, तर देणगीदारासमोरच एक गोष्ट मिटवून घ्या. या दुकानांचं खातं संस्थेच्या नावावर निघत नाही, कुणातरी एका माणसाच्या मोबाइल नंबरवर निघतं. घेतलेली सगळी पुस्तकं त्या खात्यात. पुढच्या निवडणुकीत कार्यवाह बदलला, जुना आणि नवा एकमेकांशी बोलत नसले, तर ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येणार?